तुळशीच्या मण्यांत तंगूस

मी तंगूस बोलतोय. मासे धरायची पारदर्शक, केसासारखी बारीक नायलॉनची दोरी असते ना, तोच मी. बोलतोय, कारण माणसांची निवड पाहून माझी सहनशक्ती माझ्याहून बारीक झाली आहे.

कारखान्यात वितळलेल्या नायलॉनची तार ओढून मला घडवलं आणि वर्ध्याच्या बबनरावांच्या दुकानात आणून टांगलं. तिथे गिऱ्हाइकं पाहिली. कोणी मला दातानं चावे, कोणी ताणून ताणून स्वतःचंच बोट कापून घेई. पाणी नितळ की गढूळ, मासा केवढा, याचा विचार एकानंही केला नाही. जशी काही गळाला म्हैसच बांधायची होती!

गजेंद्र त्यांतलाच. नालवाडीच्या किराणा दुकानात गादीवर बसणारा.

"जाडातला जाड द्या, बबनराव. मरळ तोडून नाई गेली पायजे."

"तुमच्यासारख्याले जाडच शोभते, गजूभाऊ. हे बारीकबी राहू द्या संगं. झिंग्यागिंग्याले होते."

असा मी वरकड म्हणून स्कूटरच्या डिक्कीत पडलो. घरात न्यायची सोयच नव्हती. गजेंद्रच्या आई मंदाबाई माळकरी. त्यांच्या घरात मासोळीचं नावही निघत नसे. म्हणून लेक दर रविवारी 'पवनारच्या मित्राकडे' जाई.

धाम नदीचं पाणी नितळ. त्यात तो जाड दोर वेसणीसारखा लांबूनच दिसे. मासे येत, बघत आणि निघून जात. "नदीतच मासोळी नाई राह्यली," गजेंद्र म्हणे. स्वतःची अक्कल सोडून सगळ्यांना दोष! मला मात्र पाण्याचा थेंबही लागला नाही.

मग ती द्वादशी उजाडली. एकादशीचा निर्जळी उपास सोडायला मंदाबाई पाटावर बसल्या आणि गळ्यातली माळ तुटली. माळ नसताना घास काय, पाणीही घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. जेवणाआधीची मधुमेहाची गोळी तर घेऊन झालेली, आता पोटात लगेच काही जायलाच हवं.

सून मयुरीनं शिलाईचा दोरा ओवला. जुन्या मण्यांच्या कडा धारदार. गाठ मारताच तुटला. दुपदरी केला, तोही तुटला. मंदाबाईंच्या कपाळावर घाम आला, हात कापू लागले.

"आई, बाजारातून नवी आणू का?"

"ह्या मन्यायवर माह्या मायचा हात फिरला हाय. नवी कायले?" आवाज अगदी खोल गेला होता.

गजेंद्रनं आईकडे पाहिलं, अंगणातल्या स्कूटरकडे पाहिलं. दोनदा पाहिलं. मग धावला, आणि सवयीनं आणला तो जाड दोर! मण्यात शिरेना. वरून नदीचा वास.

"ह्याले कायचा वास येऊन राह्यला रे?"

गजेंद्र पांढरा पडला. तरी परत गेला आणि मला घेऊन आला. मी एकेका मण्यातून सरसर निघालो. मंदाबाईंनी मला नाकाशी नेलं.

"हे बी तिथलंच?"

"माय, तुही आन. ह्याले अजून पानीबी नाई लागलं."

आयुष्यातलं त्याचं एकुलतं एक शहाणपण, आणि तेही चुकीच्या निवडीमुळे पदरात पडलेलं.

मंदाबाईंनी डोळे मिटले. "पांडुरंगाले माहीत हाय सारं," म्हणाल्या, मला गळ्यात घातलं, दोन घोट पाणी प्याल्या आणि वरणभाताला हात लावला. हात कापायचा थांबला तेव्हा मयुरीला हसू आवरेना.

"अहो, तुमचा तो पवनारचा मित्र मिशावाला हाय का खवल्यावाला हो?"

मंदाबाई हसल्या नाहीत. "बारीक उरलं ते देव्हाऱ्यात ठेव. तुटली माळ त कामी येईन. अन् त्या जाड्याची अंगनात दोरी बांध, कपडे वाळू घालाले."

आता तो जाड दोर ओले टॉवेल पेलतो. आणि गजेंद्र? परवा कपडे काढताना त्याला बोटानं दाबून पाहत होता. मरळच डोक्यात, दुसरं काय! माणसांनो, दोरी घेताना आपल्या हातातला जोर दाखवू नका. तिला जायचं कुठून आहे तेवढं बघा.

मासा ओढतो म्हणजे काय होतं, हे मला आता कधीच कळणार नाही. पण पहाटे मंदाबाई नाम घेतात तेव्हा त्यांच्या गळ्याची शीर माझ्यावर हळूच उडते. आणि मी, सगळ्यांना नाक मुरडणारा तंगूस, श्वास धरून घट्ट राहतो.