होसतोडकुचं फणस आईस्क्रीम

मित्रांनो, आधी मला उचलून बघा आणि मग जुना म्हणा! मी आईस्क्रीमचा पॉट आहे. बाहेरून सागवानी बादली, तिला लोखंडी पट्ट्या, आत कल्हईचा उंच डबा, डब्यात लाकडी पाती, वर दातेरी चाकं आणि बाजूला हँडल. ते फिरवलं की मी असा गुरगुरतो, की जयनगरच्या आमच्या गल्लीतली मुलं खेळ सोडून धावत येत. मध्ये बरीच वर्षं कुणी आलं नाही. यंदा मात्र आली, आणि कशी आली तेच मला कधीपासून सांगायचंय.

मला एका सुतारानं आणि एका तांबटानं मिळून घडवलं, आणि कापडवाल्या गुंडूरावांनी विकत घेतलं. त्यांचे पूर्वज कधीकाळी इकडे कानडी मुलखात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दुकानात कन्नड, रागावले की दोन्ही. लग्न असो की बारसं, मीच लागायचो. लोक वाट्या चाटूनपुसून ठेवत. आयुधपूजेला मला दुकानाच्या तराजूशेजारी बसवून गुंडूरावांच्या पत्नी शारदाबाई कुंकू लावायच्या. काय तो थाट होता माझा!

मग घरात फ्रीज आला. गुंडूराव गेले. मी माळ्यावर गेलो. मित्रांनो, लाकडाला पाणी मिळालं नाही की ते आकसतं. माझ्या फळ्यांमध्ये एवढाल्या फटी पडल्या. पण त्याहून वाईट वेगळंच होतं. गुंडूरावांचा मुलगा सुनीलकुमार दारू प्यायला लागला आणि घरच्यांना दिसू नयेत म्हणून बाटल्या माझ्या डब्यात लपवू लागला. ज्या पोटात केशर-वेलची घुमली त्या पोटात तो वास. मला झाकण होतं, पण बोलायला तोंड नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर सुनीलकुमारनं दारू सोडली. तो कोरमंगलाला एका ऑफिसात कामाला जातो. तिकडेच जवळ दारू सोडलेल्या लोकांची बैठक भरते, तिथेही जायला लागला. सगळं ठीक चाललं होतं. आणि समोर उभा राहिला होसतोडकु.

तुमच्याकडे हा सण नसेल तर सांगतो. उगादीला, म्हणजे तुमच्या पाडव्याला, आम्ही कडुनिंब आणि गूळ खातो, गोडाचं जेवतो, शहाण्यासारखे वागतो. दुसरा दिवस होसतोडकु. त्या दिवशी मटण, गच्चीवर पत्ते, आणि पुरुषमंडळींच्या हातात ग्लास. शिवाय एक समजूत अशी, की या दिवशी जे कराल तेच वर्षभर करत राहाल. म्हणून पत्ते खेळायचेच, पोटभर खायचंच, आणि प्यायचंच. सुनीलकुमारची सगळी वर्षं अशीच सुरू झाली होती.

त्याची बायको रूपश्री म्हणाली, यंदा घराला कुलूप लावून मैसूरला जाऊ. सुनीलकुमार म्हणाला, "पळून जाऊन किती सण चुकवू? हा सण माझा पण आहे ग."

त्यांची मुलगी भव्या नववीत आहे. ती म्हणाली, "मग अप्पा, तुमच्या हाताला काहीतरी काम पाहिजे. रिकामा हात बघितला की लोक त्यात ग्लास ठेवतात."

असं बोलणारी मुलगी ज्या घरात असते तिथे माळ्यावरच्यांनाही आशा वाटू लागते. बापलेकीनं स्टूल लावलं. सुनीलकुमारनं मला खाली घेतलं, झाकण काढलं, आणि आतल्या दोन रिकाम्या बाटल्या लेकीच्या देखत बाहेर काढल्या. तिनं स्टूल घट्ट धरून ठेवलं होतं. मग डबा चिंचेनं घासला आणि मला पाण्यात बसवलं. माझ्या फळ्या पाणी प्यायल्या, फुगल्या, एकमेकींना जाऊन भिडल्या. गळती बंद! माझ्या चाकांना तर तेल लावण्याआधीच फिरावंसं वाटत होतं.

होसतोडकुच्या सकाळी आनेकल गावाहून वेणुगोपाल आला. सुनीलकुमारचा थोरला मामेभाऊ, भव्याचा दोड्डप्पा, म्हणजे थोरला काका. आवाज मोठा, मन मोठं, आणि पिशवी तर सगळ्यांत मोठी. तिच्यात मटणाचा वाटा, पिकलेल्या फणसाचे गरे आणि तळाशी दोन बाटल्या. गऱ्यांचा वास जिन्यापासून येत होता. मला गच्चीवर नेलं, आणि भव्यानं ते दुधात घोटून माझ्या डब्यात ओतले. भोवती बर्फ भरला. आणि मीठ? मीठ तिनं चिमूटभर टाकलं. गोड पदार्थाच्या शेजारी एवढं मीठ कशाला, आत झिरपलं तर, असा तिचा हिशेब.

मित्रांनो, मीठ नसेल तर बर्फ नुसता बसून राहतो. मला हे माहीत होतं, पण मी सांगणार कसा? सुनीलकुमार हँडल फिरवत राहिला, फिरवत राहिला. आत दूधच. गल्लीतली मुलं आली, झाकण उघडायला लावून बघून गेली. एक जण म्हणालाही, की ह्यापेक्षा कोपऱ्यावरची कुल्फी बरी. तिकडे गच्चीच्या टाकीपाशी चटई पडली, शेजारीपाजारी जमले, पत्ते वाटले गेले, ग्लास वाजले. सुनीलकुमारचा हात मंद होत गेला. माझं हँडल त्याच्या मुठीत होतं, म्हणून मला कळत होतं. मूठ घामानं ओली झाली होती आणि कान टाकीकडे होते.

तेवढ्यात वेणुगोपाल ग्लास घेऊन आला. मनात वाईट काही नव्हतं. लाडानंच म्हणाला, "स्वल्प घे रे. सणापुरतं. उद्यापासून परत साधू हो."

सुनीलकुमारनं नाही म्हणून मान हलवली.

"अरे, आज जे करशील तेच वर्षभर. आज नाही म्हणालास तर वर्षभर कोरडा राहशील, बघ."

हँडल थांबलं. भव्या पायरीवर वाटी धरून बसली होती, तिनं वर बघितलंच नाही. रूपश्री जिन्याच्या दारात उभी होती. माझ्या आत एक पातं हललं नाही.

"अण्णा," सुनीलकुमार म्हणाला, "तेच तर पाहिजे मला."

वेणुगोपालनं पुढे केलेला ग्लास जरा मागे घेतला. त्याच वेळी भव्याच्या आजी शारदाबाई वर आल्या, माझ्यात डोकावल्या आणि भव्याला म्हणाल्या, "मीठ घाल की ग भरपूर. आईस्क्रीमला थंडी वाजायला नको?"

मग काय विचारता! मुठीमुठीनं खडे मीठ पडलं. बर्फ कडकडला, वितळून खारट झाला आणि डब्याला असा झोंबला की आतलं दूध भिंतीला चिकटायला लागलं. पाती ओढू लागली. हँडल जड झालं. सुनीलकुमार दोन्ही हातांनी ओढतोय, मी गच्चीभर सरकतोय! भव्यानं माझ्यावर गोणपाट टाकलं आणि स्वतः वर चढून बसली. तरी मी डुलतोच आहे. वेणुगोपालनं ग्लास कठड्यावर ठेवला, बाह्या वर सारल्या. "सर, सर बाजूला. तुझ्या एकट्याचं काम नव्हे हे." मग चटईवरचे पत्तेवालेही उठले. प्रत्येकाला हँडल हवं होतं. मी इतका गुरगुरलो की गेलेली मुलं परत आली, येताना आणखी चार घेऊन!

झाकण उघडलं तेव्हा आत पिवळंधमक, घट्ट, चमचा उभा राहील असं फणसाचं आईस्क्रीम. दूध इतकं फिरत राहिलं होतं की एका कडेला त्याचं लोणी झालं होतं. ते भांडून खाल्लं. पहिली वाटी सुनीलकुमारची.

खोटं कशाला सांगू, वेणुगोपालनं नंतर आपला ग्लास उचलला. पण सुनीलकुमारच्या शेजारी बसून उचलला नाही. बाटली पिशवीत घातली, ग्लास घेऊन लांब टाकीपलीकडे गेला, आणि लवकर परत येऊन म्हणाला, "आहे का रे उरलेलं?"

संध्याकाळी सुनीलकुमार मला धुवायला बसला. रूपश्री शेजारी भांडी घासत होती. तो तिला सांगत होता, की शेजारच्या परसूनं पत्त्यांत कशी लबाडी केली, आईनं मटणात यंदा सुकं खोबरं जास्त कसं घातलं होतं, भव्या पॉटावर बसून कशी डुलत होती. एरवी होसतोडकुचं जेवण त्याला कधीच आठवत नसे. तो दुपारीच आडवा व्हायचा. रूपश्रीनं हे सगळं स्वतः पाहिलेलं होतं. तरी ती ऐकत राहिली, आणि मध्ये एकदाही "मला माहीत आहे" असं म्हणाली नाही.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला खाली आणा आणि मीठ टाकताना हात आखडू नका. आणि सणाच्या दिवशी घरात कुणी "मला नको" म्हणालं, तर त्याला चिडवू नका आणि एकट्याला कोपऱ्यातही बसवू नका. त्याच्या हातात एखादं काम द्या, जरा जड, जरा गमतीचं. आणि मग बाह्या वर सारून त्याच्या शेजारी उभे राहा. एकट्याचं काम नव्हे ते.