माझ्यावर आलेला आखडल्याचा आळ

मित्रांनो, मी कुत्र्याच्या गळ्यातला एक जुना कातडी पट्टा आहे. खरं तर आता माझे दोन तुकडे आहेत आणि कोणत्या तुकड्यानं बोलावं हेच मला सुचत नाही. तरी बोलणार, कारण माझ्यावर खोटा आळ आला होता आणि तो गिळून गप्प बसणाऱ्यांपैकी मी नाही.

माझं कातडं जाड, शिवण दुहेरी, बक्कल पितळेचं. दुकानात शेजारी रंगीत कापडी पट्टे लटकायचे. दोनदा भिजले की विटणारी जात. मी त्यांच्याशी बोलतसुद्धा नसे. एक दिवस एका शिंप्यानं मला पारखून घेतलं. खाली त्याचं दुकान, वर घर. घरात त्याची आई, बायको, शाळेत जाणारी लेक आणि नुकतंच आणलेलं एक पिल्लू. पिल्लू इतकं हडकुळं, की त्याचं नाव काड्या पडलं. अगदी आतल्या भोकात अडकवूनही मी त्याच्या गळ्यात हारासारखा लोंबत होतो.

पुढे तो भरला, उंच झाला. जिना दोन उड्यांत चढायचा. कपडे टाकायला आलेली माणसं त्याच्या मानेवरून हात फिरवत आणि पट्टा झकास आहे म्हणत. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, गळ्यात राहणाऱ्याला घरातलं एक गुपित कळतं. प्रत्येक घास माझ्याखालून जायचा. सकाळी आजी दाराकडे पाठ करून त्याला चहात बुडवलेली बिस्किटं भरवायची. दुपारी सून रश्श्यात कालवलेला भात आणि वर चरबीचा तुकडा वाढायची. दुकानात शिंपी आपल्या पावाचा लोणी लावलेला अर्धा भाग मशीनखाली सरकवायचा. लेक डब्यातला केक रुमालात लपवून आणायची. शिवाय त्याची रोजची थाळी होतीच. आणि जो तो त्याच्या कानात एकच सांगायचा, "खा रे बाबा, तुझ्याकडे या घरात कुणाचं लक्ष नाही." मी हबकून जायचो. काड्या मात्र असं तोंड करायचा, की जन्मात अन्न पाहिलं नाही.

मग मी त्याला घट्ट होऊ लागलो. शिंप्यानं बोट घालून पाहिलं आणि आईला म्हणाला, "तू याला पट्ट्यासकट आंघोळ घालतेस. आखडला बघ."

"आखडणारच. तू शिवलेली माझी उशीची खोळ तरी कुठे आखडायची राहिली?" आजी म्हणाली.

मी सुन्न झालो. आखडलो? मी? पण त्या माणसाच्या जिभेला वळणच तसं. गिऱ्हाइकाची कंबर वाढली, तर तिला वाढली म्हणायचं नाही, कापड आखडलं म्हणायचं, ही धंद्याची रीत. साऱ्या गल्लीच्या कमरा मोजणारा तो. घरच्या कुत्र्याला एकदाही टेप लावली नाही. दाभण घेतलं आणि मला नवं भोक पाडलं. ते अपुरं पडलं, तेव्हा आणखी एक. शेवटी भोक पाडायला कातडं उरलं नाही.

एका दुपारी जिना चढताना काड्या मध्येच थांबला. त्याची छाती धपापत होती, पण हवा आत जात नव्हती. जीभ निळी पडू लागली. माझं बक्कल मानेच्या वळीत असं रुतलेलं, की कुणाला काढता येईना. सून किंचाळली. शिंपी कात्री घेऊन धावला आणि कापड कापायच्या त्या मोठ्या कात्रीनं त्यानं मला मधोमध कापलं.

सगळं घर जनावरांच्या दवाखान्यात धावलं. तिथं शिंप्यानं माझे तुकडे डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आदळले. "हा आखडला म्हणून झालं."

बाईंनी कपाटातून माझ्याच मापाचा एक नवा पट्टा काढला आणि माझे तुकडे जुळवून शेजारी ठेवले. लांबी तंतोतंत एक. "पट्टा आहे तेवढाच आहे," त्या म्हणाल्या. "याला खायला कोण घालतं?"

"मीच," आजी तोऱ्यात म्हणाली. "बाकी कोण बघतंय त्याच्याकडे?"

"अहो आई, मी घालते," सून म्हणाली. मग शिंपी खाली बघत बोलला. मग लेकीनं हळूच हात वर केला.

डॉक्टरीणबाईंनी न रागावता सांगितलं, की हृदय थकलंय, सांधे दुखताहेत आणि असंच चाललं तर हा येता हिवाळा बघणार नाही.

आता सकाळ-संध्याकाळ मोजून वाटीभर जेवण. बिनमिठाचं उकडलेलं मांस, थोडा भात, भोपळा, गाजर आणि भरपूर पाणी. साखर, मसाला, तळलेलं काही नाही. कांदा तर कुत्र्याला विषच. आणि घालायचं एकाच हातानं. तो हात आजीचा. तिच्यापुढे बाकी तिघांची बिशाद नाही.

पण तिची स्वतःची कसोटी लागली. काड्या समोर बसून टक लावायचा. शेवटी ती स्वयंपाकघरात दार लावून, उभ्यानंच चहा घेऊ लागली. तो बाहेरून दार खरवडायचा. "असा रडू नकोस रे," ती आतून म्हणायची. "तुला जगवायचंय मला." तिचा चहा बशीतच निवायचा.

हिवाळा आला आणि गेला. काड्या आहे. जिना आता पायरी-पायरीनं चढतो, मध्ये थांबतो, पण चढतो. गळ्यात त्याच्या कापडी पट्टा आहे, विटका. असू दे. मी दुकानात खिळ्याला टांगलेला असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रं असेल तर पट्ट्याखाली दोन बोटं सरकतात का ते अधूनमधून पाहा. आणि घास देण्याआधी घरात मोठ्यानं विचारा, कुणी घातलंय का म्हणून. आमच्या घरात चौघांनी चार ठिकाणी माया केली. पोट मात्र त्या मुक्याला एकच होतं.