डावीकडची सीट

"आता?" विल्फने विचारलं.

ईनिडने डाव्या खिडकीतून मान बाहेर काढली. गवताच्या गठ्ठ्यांनी लादलेला ट्रक पुढे डुलत चालला होता आणि त्याच्या पलीकडून एक लाल पिकअप येत होती.

"नको. एक येतेय. गेली. हं, जा आता, जा!"

विल्फने गिअर बदलला, जुनी मॉरिस गाडी कण्हली, आणि ट्रकला वळसा घालून पुढे निघाली. ट्रकवाल्याने भोंगा वाजवून हात हलवला. ही गाडी पाहून वायोमिंगमध्ये सगळेच हात हलवत होते. जुनी हिरवी गाडी, मागच्या अंगाला लाकडी चौकट, आणि स्टिअरिंग उजवीकडे. विल्फ हॉलरॉइड इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सहून ओहायोतल्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आला, तेव्हा त्याने ती जहाजातून बरोबर आणली होती. काम दोन वर्षांचं होतं. त्यालाही आता तीस वर्षं होत आली. पेट्रोल भरताना कुणी ना कुणी म्हणतंच, "आजोबा, तुमचं चाक चुकीच्या बाजूला बसवलंय." विल्फचं उत्तरही ठरलेलं.

"चाक आहे तिथेच आहे. तुमचा अख्खा देश चुकीच्या बाजूने चालतो, त्याला मी काय करू?"

पडलो तरी नाक वर, अशी ही माणसं. पण उत्तर देऊन अडचण सुटत नव्हती. उजव्या बाजूने धावणाऱ्या देशात उजवीकडे बसलेल्या माणसाला पुढच्या ट्रकची फक्त पाठ दिसते. ओलांडून जायचं तर डावीकडच्या सीटवर बसलेल्याने पुढे बघून सांगायचं. ते काम ईनिडचं. पहिल्या सुट्टीत नायगाऱ्याला गेले तेव्हापासून ती "थांब" आणि "जा" म्हणत आली होती, आणि एकदाही चुकली नव्हती. दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे सहल असायचीच. थर्मास, अंड्याचे सँडविच, दोन घडीच्या खुर्च्या आणि विल्फचा एकच नियम: मुक्काम येईपर्यंत थांबायचं नाही.

"पुढे वळण आहे. डावीकडे," ती म्हणाली.

"हं."

"रेघेवर जातोयस. आत घे."

"घेतो, घेतो. कटकट करू नकोस, पोरी."

सत्तरीतल्या बायकोला तो अजून पोरी म्हणायचा. आणि ती कटकट म्हणावी अशी वळणं, रेघा, पाट्या कधीपासून सांगायला लागली, हे तिलाही सांगता आलं नसतं. मागच्या हिवाळ्यात त्याने चहा कपाच्या बाहेर ओतला तेव्हा ती हसली होती. पेपर तो हल्ली तिलाच वाचायला सांगायचा. तिला वाटलं, आळस. तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. यॉर्कशरची माणसं दुखणं सांगण्याआधी हवापाण्याचं बोलून घेतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागवतात. शिवाय विचारलं असतं तर सहली संपल्या असत्या. लीड्सहून मुलगी, रोझलिन, फोनवर दर रविवारी तेच म्हणायची: गाडी विका, घर विका, इकडे या. विल्फ ऐकून फोन ईनिडच्या हातात द्यायचा आणि नकाशा उघडायचा.

रस्ता सरळ झाला. दूरवर निळे डोंगर दिसायला लागले. ईनिडने थर्मास मांडीवर घेतला. झाकण घट्ट बसलं होतं; ती खाली वाकून दोन्ही हातांनी ते पिळू लागली.

धाडकन आवाज झाला. पाठोपाठ एक किंकाळी. ईनिडने मान वर केली तर खिडकीजवळून नारिंगी रंगाचं काहीतरी मागे गेलं. मॉरिस आपली चाललीच होती.

"काय होतं ते?" विल्फने विचारलं. "पत्र्यासारखं वाजलं काहीतरी."

त्याचा आवाज साधा होता, अगदी बाहेर पाऊस आहे का विचारावं तसा. ईनिडने थर्मास खाली ठेवला.

"गाडी थांबव."

"इथे? इथे कशाला—"

"विल्फ, गाडी थांबव!"

थांबली. ईनिड उतरून मागे धावली. रस्त्याचं काम चाललं होतं. एका बाजूची वाहतूक अडवायला 'थांबा' लिहिलेली पाटी घेऊन एक बाई उभी होती, पन्नाशीची, अंगाने भरलेली, नारिंगी जाकिटातली. आता ती कडेच्या खडीवर बसली होती आणि वाकलेली पाटी समोर पडली होती.

"लागलं का तुम्हाला?"

"नाही. उडी मारली मी." बाईने गाडीकडे बोट दाखवलं. "बाई, ते बघत होते हो माझ्याकडे. सरळ माझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, थांबतायत."

ईनिडने तिच्या खांद्यावर हात ठेवला. सॉरी हा शब्द तिच्या देशात दाराला धक्का लागला तरी म्हणतात. आज तो तिच्या तोंडून फुटला नाही.

कामाच्या जागी शेरीफचा एक माणूस गाडी लावून बसलेला होता. तो दिवे चमकवत मॉरिसच्या मागे येऊन उभा राहिला. ईनिड लगबगीने परत आली आणि आपल्या जागी बसली, कारण या देशात पोलिसाने थांबवलं की गाडीत बसून राहायचं, हात दिसतील असे ठेवायचे, हे तिला ठाऊक होतं. शेरीफचा माणूस सवयीने डाव्या खिडकीशी आला. तरुण नव्हता, मिशा पिकायला लागल्या होत्या.

"लायसन्स दाखवा, बाई."

"दाखवते. पण गाडी मी चालवत नव्हते. चाक त्या बाजूला आहे."

त्याने वाकून आत पाहिलं. चाक होतं, पण चाकामागे कुणी नव्हतं. विल्फ उतरला होता. हॅलिफॅक्समध्ये पोलीस आला की भला माणूस गाडीतून उतरतो, टोपी नीट करतो आणि दोन शब्द बोलतो. तीस वर्षांत त्याने ही रीत सोडली नव्हती. तो बॉनेटला वळसा घालून, एक हात कोटाच्या खिशात घालत, हसतमुखाने येत होता.

"जागेवर थांबा! हात बाहेर! हात दाखवा मला!"

"गुड मॉर्निंग, ऑफिसर. चष्मा काढतोय फक्त."

"हात!"

शेरीफच्या माणसाचा पंजा कमरेच्या पिस्तुलावर गेला होता. ते विल्फला दिसलंच नाही. तो एक पाऊल पुढे आला.

"विल्फ, थांब!" ईनिड ओरडली. "हात वर कर. दोन्ही!"

तो जिथल्या तिथे थांबला आणि त्याने हात वर केले. शेरीफच्या माणसाने श्वास सोडला, पिस्तुलावरचा हात काढला. म्हाताऱ्याकडे, मग गाडीतल्या बाईकडे, मग पुन्हा म्हाताऱ्याकडे त्याने पाहिलं. माणूस मूर्ख नव्हता.

"सर, पाटी घेतलेली बाई तुम्हाला दिसली नाही?"

"दिसली की. उन्हाची तिरीप होती डोळ्यावर."

"ऊन तुमच्या पाठीमागे आहे."

विल्फने खांदे उडवले. "तुमच्या देशात काय सगळंच उलटं."

"बरं. ती समोरची पाटी वाचा. मोठी, नारिंगी. काय लिहिलंय?"

पाटी वीस पावलांवर होती. अक्षरं हातभर उंच. विल्फने हनुवटी उचलली, डोळे बारीक केले आणि तो वाट बघू लागला.

कुणाची वाट, ते शेरीफच्या माणसाला कळलं नसेल. ईनिडला कळलं. तो तिच्या आवाजाची वाट बघत होता. खिडकी उघडी होती. त्याच्यापासून दोन हातांवर ती बसली होती. 'एकेरी वाहतूक' एवढे दोन शब्द. ओठ न हलवता, खोकल्याच्या आडून सांगता आले असते. असे किती शब्द तिने आजवर त्याला पुरवले होते. मेनूकार्डावरचे, स्टेशनांवरचे, रोझलिनच्या पत्रांतले.

मागे खडीवर बसलेली बाई आता उठली होती आणि हातातली वाकलेली पाटी सरळ करायचा प्रयत्न करत होती. ईनिड मान वळवून तिच्याकडे बघत राहिली.

"ईनिड?" विल्फ हळूच म्हणाला.

ती बोलली नाही. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, त्याचा आणि स्वतःचा.

"वेग कमी करा," विल्फने ठोकून दिलं. "असंच काहीतरी. सगळीकडे तेच लिहितात."

शेरीफच्या माणसाने मान खाली घातली. मग तो बराच वेळ कागदावर काहीतरी लिहीत राहिला. कागद देताना त्याचा आवाज उतरला होता.

"तुम्हाला इथून पुढे चालवता येणार नाही, सर. डोळे तपासावे लागतील. बाई, तुम्ही चालवाल? नाहीतर ओढून न्यायला गाडी मागवतो. मागे पंधरा मैलांवर गाव आहे."

"ही?" विल्फ हसला. "हिने या गाडीला कधी हात लावलेला नाही."

"तू लावू दिला नाहीस," ईनिड म्हणाली. तिने पर्समधून लायसन्स काढून खिडकीबाहेर धरलं. ओहायोत शेजारणीच्या गाडीवर परीक्षा दिली होती तिने, आणि मुदत संपली की दर वेळी नवं करून घेतलं होतं. विल्फला वाटायचं, बँकेत दाखवायला लागतं म्हणून.

दोघांनी जागा बदलल्या. गाडीच्या पुढून जाताना त्याचा हात बॉनेट चाचपत होता, आणि तो तिने धरला नाही. पहिल्यांदा गाडी आचके देऊन बंद पडली. दुसऱ्यांदाही.

"क्लच सावकाश सोड. सावकाश! गिअरबॉक्सचा खुर्दा करशील."

"गप्प बस, म्हाताऱ्या."

तिसऱ्यांदा मॉरिस निघाली. पाटीवाली बाई तोवर चालत पुढे, त्या मोठ्या पाटीपाशी आली होती आणि हातातली पाटी फिरवून 'सावकाश' दाखवत उभी होती. ईनिडने तिच्यासमोर वेग इतका कमी केला की गाडी पुन्हा बंद पडता पडता राहिली. बाईने मान हलवली.

रस्त्याचं काम मागे पडलं. मग विल्फ म्हणाला, "एक शब्द. एका शब्दाने काम झालं असतं."

"हो."

"बोलली का नाहीस?"

"त्या बाईच्या अंगावर घातलीस तू गाडी."

"तू थर्मासशी खेळत बसलीस म्हणून!"

बोलून झाल्यावर आपण काय कबूल केलं ते त्याच्या लक्षात आलं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. बिनटोपीचा तो एकदम खूप म्हातारा दिसायला लागला.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यापासून. मधोमध काळं दिसतं. कडेचं दिसतं थोडं." तो थांबला. "सांगितलं असतं तर तू मला खुर्चीत बसवलं असतंस. रोझलिन विमानाची तिकिटं घेऊन आली असती. संपलं मग सगळं. मी चालवतोय तोवरच आपल्या सहली, ईनिड. आता संपलंच म्हणा. चल, गावात जाऊन तिला फोन कर."

"गाव मागे राहिलं."

"म्हणजे? तू कुठे चाललीस?"

"डोंगराकडे. तिकडेच निघालो होतो ना?"

"वेड लागलंय का? तुला घाटात चालवता येणार नाही. माझे डोळे गेले, तुझी अक्कल गेली. वळव गाडी!"

तिने वळवली नाही. पाठ दुखत होती आणि मागे चार गाड्यांची रांग लागली होती. मागच्याने भोंगा वाजवला. वाजव म्हणावं.

"ऐक, विल्फ्रेड हॉलरॉइड," ती म्हणाली, आणि एवढं पूर्ण नाव तिने लग्नाच्या दिवसानंतर कधी घेतलं नव्हतं. "संपलं असेल तर तुझं संपलं. माझं सुरूच कुठे झालंय? तीस उन्हाळे या देशात फिरतेय मी. काय पाहिलं? ट्रकांची ढुंगणं. एकूण एक राज्याच्या ट्रकांची ढुंगणं! डोंगर आला की तू विचारणार, आता? दरी आली की विचारणार, आता? मुक्काम येईपर्यंत थांबायचं नाही, आणि मुक्कामाला पोचेस्तोवर अंधार. लोकांना घरी फोटो पाठवताना मला फोटोतच बघावं लागायचं, आपण कुठे जाऊन आलो ते."

विल्फने मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली.

पुढे एक छोटी चढण होती. ती पार झाली आणि उजवीकडे दरी उघडली. खाली नदी होती, रुंद, उथळ, दगडांवरून पांढरी होत जाणारी, आणि तिच्या पलीकडे भिंतीसारखे उभे डोंगर. ईनिडने मागेपुढे न बघता गाडी कडेला घेतली. मागच्या चारही गाड्या भोंगे वाजवत निघून गेल्या.

"काय झालं?" विल्फ घाबरून म्हणाला. "गरम झाली का? पाणी बघ. आधी पाणी बघ."

"गाडीला काही झालेलं नाही."

तिने हँडब्रेक ओढला आणि खाली उतरली. मागचं लाकडी दार उघडून दोन्ही खुर्च्या काढल्या, गवतात मांडल्या. मग विल्फचं दार उघडून त्याचा हात धरला, त्याला खुर्चीपर्यंत आणलं आणि बसवलं. थर्मासचं झाकण आता सहज निघालं. चहा गार व्हायला लागला होता. तिने त्याचा कप त्याच्या दोन्ही हातांत नीट ठेवला आणि शेजारी बसली.

वारा येत होता. खालून पाण्याचा आवाज येत होता. विल्फने मान या बाजूला केली, त्या बाजूला केली, डोळ्यांच्या कडेने काही सापडतंय का बघितलं.

"मोठं आहे का?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. "ईनिड? काय दिसतंय?"

ईनिडने कप खाली ठेवला. तिचे डोळे नदीवरून हलले नाहीत.

"सांगते," ती म्हणाली. "जरा दम धर. आधी मला पाहू दे."