चौऱ्याहत्तर की सत्तेचाळीस

अक्काला त्या संख्येनं पछाडलं ते बासष्ट साली. दोन हा आकडा एकसष्ट वेळा मांडून सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून एक वजा करायचा. येतात २३०५८४३००९२१३६९३९५१. परार्धाच्याही पुढची ही बया, एक आणि ती स्वतः सोडली तर कशानंच तिला भाग जात नाही. हे एकोणिसाव्या शतकातच कुणीतरी सिद्ध करून ठेवलं होतं. मग हा खटाटोप कशाला, असं मी विचारलं.

"उत्तर ठाऊक आहे म्हणूनच," अक्का म्हणाली. "चुकलं तर संख्या नाही ग चुकणार. मी चुकणार."

ती कशाला भ्यायली होती ते मला ठाऊक होतं. आमचे वडील, अप्पा, रेल्वेत यशवंतपूरच्या मालधक्क्यावर कारकून होते. पन्नाशीत ते वाघिणींचे नंबर उलटे लिहू लागले. पुढं बसवनगुडीतलं स्वतःचं घर सापडेना, आणि शेवटी तर आम्हा दोघी बहिणींना 'तुम्ही कोण?' म्हणून विचारायचे. अक्का मुलींच्या कॉलेजात गणित शिकवायची. त्या वर्षी तिला पन्नासावं लागलं होतं, आणि फळ्यावर एक साधं गणित चुकल्यामुळं मुली हसल्या होत्या.

रीत सोपी होती, फक्त जीवघेणी. चारापासून सुरुवात. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या मोठ्या संख्येनं भागायचं, बाकी उरेल तिचा पुन्हा वर्ग. असं जवळजवळ साठ वेळा. शेवटची बाकी शून्य आली की अक्काचं डोकं शाबूत. ती दोन-दोन आकडे सांगायची, मी लिहायची. कित्येक रविवार त्यात गेले.

शून्य आलं नाही.

अक्कानं पेन्सिल खाली ठेवली. "अप्पांचं असंच सुरू झालं होतं ना, कावेरी?"

"स्वल्प थांब," मी म्हटलं, "आधी बघू तरी."

आकड्यांची बेरीज करून नवाची कसोटी आम्ही पानोपानी लावली होती, पण दोन आकड्यांची अदलाबदल तिला कळत नाही, बेरीज तीच राहते. आणि अदलाबदल करणारी घरात मीच होते! घरी आम्ही मराठी बोलायचो, पण माझी शाळा कन्नड. कन्नडमध्ये आधी सत्तर म्हणतात, मग चार. मराठीत चौऱ्याहत्तर, म्हणजे चार आधी. ऐकलं तसं लिहिलं की झाले सत्तेचाळीस. चूक माझीच निघू दे, असा मी देवाचा धावा करत होते.

अक्का अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी अकराची कसोटी लावत बसले. तिच्यात एक आड एक आकडे वेगळे मोजतात, म्हणून अदलाबदल लपत नाही. एका पानावर ती सापडली. चौऱ्याहत्तरचे सत्तेचाळीस! मला इतका आनंद झाला की मी अक्काला हाकच मारणार होते.

मग अक्षर दिसलं. ते पान माझं नव्हतंच. त्या आठवड्यात मी तापानं पडून होते, आणि अक्कानं एकटीनं ते उतरवलं होतं.

मी ते पान माझ्या अक्षरात उतरवलं, चुकीसकट. मूळ पान चुलीत घातलं. मग अक्काला उठवून म्हटलं, "माझा घोळ. तू चौऱ्याहत्तर म्हणालीस, मी आधी चार लिहिले."

"कत्ते!" अक्का ओरडली. गाढव म्हणायचं झालं की ती कन्नडात शिरायची. मग ती हसली, डोळे पुसले, दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी चूक खोडून बरोबर आकडे घातले.

"चल, तिथून पुढं परत करू," ती म्हणाली. चष्मा लावून कागद आमच्या दोघींच्या मधे ठेवला आणि वाचायला लागली. किती दिवसांनी तिचा आवाज असा खणखणीत ऐकत होते!

"छप्पन्न," अक्का म्हणाली.

कागदावर पासष्ट होते. मी पासष्ट लिहिले आणि म्हटलं, "हं, पुढं."