खडकावरच्या चपला

मझिकूला पाण्याची भीती नव्हती, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

म्वान्झाच्या मोठ्या तळ्यावर त्याचं आयुष्य गेलं होतं. बाप मासेमार, आजा मासेमार, आणि हा चालायला शिकण्याआधी वल्हं धरायला शिकलेला. पण तळ्यातले मासे वर्षावर्षाला कमी होत गेले, जाळं रिकामं यायला लागलं. शेवटी त्याने होडी विकली, इंजिन विकलं आणि बायको कबुला हिला घेऊन तो समुद्रातल्या उंगुजा बेटावर आला. बेटाच्या पूर्वेला किगाएनी नावाचं गाव आहे. तिथल्या पुळणीवर, एका बंद पडलेल्या हॉटेलातून उचललेल्या सहा आरामखुर्च्या, चार छत्र्या, थोडे पाणचष्मे आणि तीन पिवळ्या प्लास्टिकच्या होड्या घेऊन त्याने टपरी टाकली. वर पाटी लावली: 'मझिकू. खुर्च्या व होड्या भाड्याने मिळतील.' होतं नव्हतं ते सगळं या वाळूत ओतलं होतं. हे चाललं नाही तर परत जायला तळ्यावर त्याची होडीसुद्धा उरली नव्हती.

गावाने त्याला लगेच नाव ठेवलं, तळेवाला. त्याला राग येत नसे. उलट तो गावाला शहाणपण शिकवायला जाई. "पाणी म्हणजे पाणी," तो म्हणायचा. "बिघडतं ते वाऱ्याने, आणि वारा येताना दिसतो." तळ्याचं तसंच असतं. तळ्याचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. इथला समुद्र ओहोटीला उठून चालू लागतो, पार दूरच्या खडकांच्या कडेपर्यंत जातो, आणि मागे मैलभर उघडी वाळू ठेवतो. त्या वाळूत खुंट्या ठोकून, दोर बांधून गावातल्या बायका शेवाळाची शेती करतात. ओहोटी लागली की निघायचं, भरती लागायच्या आत परतायचं.

टपरीच्या बरोबर समोर, पुळणीच्या मधोमध, गुडघ्याएवढा उंच एक सपाट काळा खडक आहे. बायका शेवाळाला जाताना त्यावर आपल्या चपला काढून ठेवत. वीस-एकवीस जोड, लाल, निळे, तुटलेले, तारेने सांधलेले. शेजारी मिझेआजी काथ्याचा दोर वळत बसलेली असे. तीस वर्षं शेवाळ काढून तिची पाठ वाकली होती, एका डोळ्यावर पडदा आला होता. दोर वळता वळता ती चपला मोजत राही.

तो खडक मझिकूच्या डोळ्यांत खुपायचा. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की समोर निळा समुद्र दिसायच्या आधी चपला दिसत.

"आजी, मी टपरीमागे फळ्या ठोकून देतो," एक दिवस तो म्हणाला. "चपला तिथे नीट राहतील. इथे कसं दिसतं ते?"

"चपलांसारखं दिसतं," आजी म्हणाली. दोर वळणं थांबलं नाही. "टपरीमागे कुणाला दिसणार त्या? होडीवरून परत येणारा माणूस हा खडक बघतो. खडक मोकळा, म्हणजे बायका घरी. खडकावर एक जरी जोड असला तरी तो होडी तिथूनच शेवाळाच्या शेतांकडे फिरवतो."

"पोहत नाही येता येत त्यांना?"

"अंगाला गुंडाळलेली दोन ओली वस्त्रं, हे कांगे, कमरेला शेवाळाचं पोतं. तू येऊन दाखव पोहत."

आजीची नात झुवेना तिथेच कमरेला पोतं बांधत होती. ती हसली. "आजी, त्याला कशाला सांगतेस? त्याच्या तळ्यात बशीतल्या चहाएवढ्या लाटा येतात. त्याच्या बायकोला विचार, तिनेच सांगितलं."

मझिकूने फळ्यांचा विषय सोडला, पण मनातून काढला नाही.

पहिल्या दोन महिन्यांत बोटावर मोजण्याइतकी गिऱ्हाइकं आली. तेव्हा कबुलानेही कमरेला पोतं बांधलं. झुवेनाने तिला आपल्या शेजारची जागा दिली, खुंट्या ठोकायला शिकवलं, आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली. ती कबुलाने रात्री जेवताना नवऱ्याला सांगितली.

"इथे पाणी समोरून येत नाही, मागून येतं. शेताच्या आणि गावाच्या मध्ये एक लांब चर आहे ना, तो आधी भरतो. आपण कोरड्या वाळूवर उभे असतो, आणि घर पलीकडे राहिलेलं असतं."

"पाणी मागून येतं म्हणे," मझिकू हसला. "उद्या म्हणाल झाडावरून येतं."

"हसू नकोस. मला भीती वाटते तिथे."

"तळ्याची पोर तू. गुडघाभर पाण्याला भितेस?"

कबुलाने ताटं उचलली. तिच्या निळ्या चपलेचा पट्टा तुटला होता, तो त्याने त्या रात्री तारेने सांधून दिला. चांगला नवरा होता तो, एवढं म्हणायलाच हवं.

मग त्याला पाहिजे होता तो दिवस आला. पलीकडच्या टेकडीवरच्या नव्या हॉटेलातून निरोप आला, की शनिवारी दुपारी अठरा पाहुणे पाठवतो, सगळ्या खुर्च्या, सगळ्या होड्या लागतील. पाहुणे खूश झाले तर दर शनिवारी पाठवू. मझिकूने तीन दिवस पुळण झाडली. होड्या साबणाने धुतल्या. शनिवारी पौर्णिमा होती, म्हणजे मोठं उधाण, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. तळ्याला चंद्राशी काही घेणंदेणं नसतं.

त्या सकाळी मिझेआजी बुरखा घालून, काठी टेकत टपरीपाशी आली. शेजारच्या गावात तिची चुलतबहीण वारली होती.

"मी मयतीला जाते. तू इथे असतोसच. आज तेवढ्या चपला बघ."

"बघतो की."

"नीट ऐक. एकवीस जोड आहेत. आज उधाण आहे, बायका असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेआधी परततील. सगळे जोड उचलले गेले की झालं. एक जरी राहिला तर मशिदीत जाऊन सांग. बाकी पुरुष बघतील, तुला काही करायचं नाही."

"आजी, फक्त चपलाच मोजायच्या ना? बिनघोर जा."

आजीने त्याच्याकडे आपल्या एका धड डोळ्याने जरा वेळ पाहिलं, आणि गेली.

दुपारी हॉटेलची व्यवस्थापक बाई पाहुण्यांच्या आधी आली. तिने छत्र्या पाहिल्या, खुर्च्या दाबून पाहिल्या, आणि मग तिची नजर खडकावर गेली.

"हे काय? फोटोत हे येणार?"

"आत्ता हलवतो," मझिकू म्हणाला.

तांदळाचं रिकामं पोतं आणून त्याने एकवीसच्या एकवीस जोड त्यात भरले आणि पोतं टपरीमागे टेकवून ठेवलं. तासाभराने परत मांडू, असं त्याने स्वतःला सांगितलं. खडक एकदम स्वच्छ दिसायला लागला. त्याला बरंही वाटलं, खोटं कशाला बोला.

पाहुणे आले आणि त्याला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. कुणाला होडीत बसवून ढकलायचं, कुणाचा पाणचष्मा घट्ट करायचा, कुणाला शहाळं फोडून द्यायचं. तासाचे दोन झाले, दोनाचे तीन झाले. आधी कोरड्या वाळूवर ओढत न्यावी लागलेली होडी आता आपोआप तरंगायला लागली होती. पाणी चांगलं चढतंय म्हणून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मझिकूही हसला. मधला चर भरत आला होता. ते त्याला दिसलं, पण कळलं नाही.

बायका धावतच परतल्या, मांड्यांपर्यंत भिजलेल्या, पोती ओढत. खडक मोकळा बघून एकच गलका झाला. मझिकू कमरभर पाण्यात एका म्हाताऱ्या पाहुणीची होडी धरून उभा होता. तो तिथूनच ओरडला, "टपरीमागे पोत्यात आहेत. घ्या आपापल्या."

त्यांनी पोतं उपडं केलं. ढिगातून चपला शोधताना हसणं, भांडण, शिव्या सगळं झालं. ही माझी, ती तुझी, एक पाय मिळाला तर दुसरा मिळेना. दोघीतिघी वैतागून अनवाणीच गेल्या. "तळेवाल्याने बाजार मांडलाय," एक म्हणाली, "उद्या बघू." पाऊण तासाने वुआईकाका मासेमारीहून परत आला. गावातली सगळ्यांत मोठी होडी त्याची. त्याने सवयीने खडकाकडे पाहिलं. खडक मोकळा होता. त्याने शीड उतरवलं आणि तो नमाजेला गेला.

पाहुणे गेले तेव्हा ऊन कलंडलं होतं. व्यवस्थापक बाईने हात मिळवला. "पुढच्या शनिवारी पंचवीस जण असतील," ती म्हणाली. मझिकूच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याला आजीची आठवण झाली आणि तो टपरीमागे गेला. वाळूत एक हिरवा जोड होता, एक सुटी तपकिरी चप्पल होती, आणखी एक तुटका जोड होता. त्याने वाकून फक्त निळा रंग शोधला. निळा जोड नव्हता. म्हणजे कबुला घरी गेली. त्याचा जीव भांड्यात पडला.

बाकीच्या कुणाच्या तरी असतील. अनवाणी गेल्याच होत्या काही. मशिदीत जाऊन काय सांगायचं, की माझ्यामुळे चपला मिसळल्या? त्याने त्या पोत्यात टाकल्या, होड्या वर ओढल्या, छत्र्या मिटल्या आणि तो शीळ घालत घरी गेला.

कबुला चुलीपाशी मक्याच्या पिठाची उगाली ढवळत होती. त्याने दारातूनच शनिवारची बातमी सांगितली. ती हसली, पण थकलेली होती.

"मी आज झुवेनासाठी न थांबता बाकीच्यांबरोबरच निघाले. पाठ गेली माझी. ती म्हणाली, तू हो पुढे, मी शेवटचा दोर बांधून आलेच. रागावली असेल माझ्यावर. आली तेव्हा काही म्हणाली का?"

"मी पाण्यात होतो. लक्ष नव्हतं." त्याने हात धुतले आणि तो बसला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "हिरव्या चपला कुणाच्या गं?"

कबुलाचा हात थांबला.

"वरचं फूल तुटलेल्या?"

विचारता विचारताच ती उठली होती, आणि चुलीवर भांडं तसंच ठेवून धावत सुटली होती.

सूर्य बुडत होता. पुळणीवर भरती अगदी काठोकाठ भरली होती, शांत, गुळगुळीत, जणू खाली काहीच नाही. मशिदीच्या भोंग्यावरून हाक गेली आणि गाव धावत आलं. पुरुषांनी होड्या ढकलल्या. मझिकूने आपल्या तिन्ही पिवळ्या होड्या पाण्यात लोटल्या. वुआईकाकाने होडीत पाय टाकता टाकता त्याच्याकडे वळून पाहिलं.

"आजी तुला सांगून गेली होती ना? किती जोड राहिलेत?"

"तीन. म्हणजे दोन जोड आणि एक सुटी. त्यांतल्या दोघी तर अनवाणी घरी गेल्यात. एक."

"एक. कधीपासून?"

मझिकूने आपल्या टपरीकडे बघितलं. काकाने शीड चढवलं.

झुवेना सकाळच्या ओहोटीत सापडली, आपल्याच शेतात. चर भरल्यावर ती मागे वळून सगळ्यांत उंच वाळूवर गेली होती, आणि पाणी छातीला लागलं तेव्हा तिने कांग्याने स्वतःला खुंटीला बांधून घेतलं होतं, वाहून जाऊ नये म्हणून. होडी येणार याची तिला खात्री होती. तिच्या चपला खडकावर होत्या ना. गाठ इतकी नीट मारलेली होती की सोडवता येईना, कापावी लागली. पुरुषांनी तिला उचललं आणि मझिकूला वळसा घालून गावाकडे नेलं. मझिकूला वाटलं, कुणी तरी थोबाडीत मारावी.

दफन झालं. चौथ्या दिवशी सकाळी तो टपरीच्या झावळ्या काढत होता. खुर्च्या एकावर एक रचून झाल्या होत्या. काठीचा आवाज आला तेव्हा त्याला मान वर करवेना.

"कुठे निघालास?" मिझेआजीने विचारलं.

"परत. तळ्यावर."

"बायका आज शेवाळाला जाणार आहेत."

"आजी, मी..." त्याने हातातली झावळी खाली ठेवली. "मला माफी मागायलाही तोंड नाही."

"मग मागू नकोस." आजी खडकावर टेकली. तिच्या हातात हिरव्या चपला होत्या. त्या तिने खडकाच्या कडेला शेजारी शेजारी ठेवल्या, टाचा गावाकडे, पुढची टोकं समुद्राकडे. "दुसऱ्या डोळ्यावरही पडदा आला आता. रडून आला म्हणतात. मला निळं-लाल कळत नाही. इथे कुणीतरी बसायला हवं."

"मी? माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"आता तुझ्याइतकं नीट मोजणारं या गावात दुसरं कुणी नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती आणि रागही नव्हता. "हॉटेलवाल्यांना सांग, फोटो दुसरीकडे काढा."

बायका आल्या. एकेक करून त्यांनी त्याच्यासमोर चपला काढल्या, त्याच्याकडे न बघता. कबुलाने आपला निळा जोड अगदी शेवटी ठेवला. क्षणभर ती थांबली, मग इतरांच्या मागे उघड्या वाळूवर चालू लागली. मझिकू खडकापाशी खाली बसला आणि त्याने मोजलं. वीस जोड आणि एक हिरवा.

तेव्हापासून तो रोज मोजतो. खुर्च्या तशाच रचलेल्या आहेत, पिवळ्या होड्या मात्र तो पाण्याच्या कडेला, वल्ही आत ठेवून, तयार ठेवतो. बायका परततात, आपापले जोड उचलतात, घरी जातात. वीसच्या वीस गेल्या हे त्याने स्वतः बघितलेलं असतं. तरी खडकावर एक जोड उरलेला दिसतो, आणि तो उठून पाण्याकडे बघत राहतो.