बिनचूक मालक

कंपनीचा खरा मालक कोण, याची नोंद सक्तीची झाल्यापासून नोंदणी कार्यालयातील तपासनीस बाईंनी दोन हजारांहून अधिक मालकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांतून एक निरीक्षण त्यांच्या हाती आले होते. खऱ्या मालकाला स्वतःच्या कंपनीचा नोंदणी क्रमांक सहसा आठवत नाही. तो खिसे चाचपतो, कारकुनाला फोन लावतो, प्रसंगी तपासनिसावरच डाफरतो. क्रमांक घडाघडा म्हणून दाखवतो तो उसना मालक. उमेदीची वर्षे प्रयोगशाळेत काढल्यामुळे बाईंना ठाऊक होते की, ज्या मोजमापांत चूक अजिबात नाही, ती कोणीतरी बसून तयार केलेली असतात.

मंगळवारी सकाळी समोर बसलेल्या लिफ्ट-मेकॅनिकने बारा आकडी क्रमांक एका दमात सांगितला. स्थापनेची तारीख, भागभांडवल, सहामजली इमारतीचे क्षेत्रफळ, सगळे बरोबर. त्याच्या नखांत ग्रीस होते. इमारत एका कंपनीची होती आणि कागदोपत्री ती कंपनी शंभर टक्के त्याची.

गेल्या वर्षी इमारतीतले भाडे कोणी वाढवले, असे बाईंनी विचारले. हे पाठांतरात नव्हते. तो दाराजवळच्या बाकावर बसलेल्या बायकोकडे पाहू लागला.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "मालक तुम्ही. घरातला नळ सहा महिने गळतोय, आता तोही मालकांनाच सांगते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा."

बाईंनी तिलाही खुर्ची दिली आणि कायदा सांगितला. सहीपूर्वी जबाब बदलला तर गुन्हा नाही. सहीनंतर खोटा ठरला तर तीन वर्षे कैद. शिवाय इमारत विकत घेणारा पैसा कुठून आला, हे मालकाने, म्हणजे त्याने, सिद्ध करायचे.

मग हकिकत तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली. थोरला भाऊ एका वकिलाची गाडी चालवत असे. वकिलाने 'नुसती सही' म्हणून कागद पुढे केले आणि बदल्यात इमारतीच्या गच्चीवरची खोली बिनभाड्याने राहायला दिली. आता खरे बोलले तर खोली जाणार, भावाची नोकरीही बहुधा. खोटे बोलले तर तो स्वतः जाणार.

"दादाला काय तोंड दाखवू?" त्याने विचारले.

"भाऊजींना मी सांगते. तुरुंगात डबा मलाच न्यावा लागेल, त्यांना नाही."

मात्र खऱ्या मालकाचे नाव त्याला ठाऊकच नव्हते. वकील हा उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या कोणाचा तरी निरोप्या, इतकेच त्याला कळत होते. बहुतेक तपास येथेच थांबतात. बाईंनी मालकीचा विषय सोडून त्याच्या कामाकडे मोर्चा वळवला: त्या इमारतीची लिफ्ट तोच सांभाळत होता, मग ती कोणासाठी थांबवून ठेवावी लागते का?

तो प्रथमच अडखळत, चुकत आणि म्हणूनच विश्वसनीय बोलू लागला. एक गृहस्थ महिन्यातून एकदा येतात. बुधवारी, नाही, कधी गुरुवारीही. उजवा पाय ओढतात. त्या सकाळी वकिलाचा फोन येतो, की लिफ्ट रिकामी करून तळमजल्यावर धरून ठेव. लिफ्ट अडवली की देखभालीच्या वहीत तारीख-वेळ लिहायची, असा नियमच आहे. चार वर्षांच्या नोंदी तिच्यात आहेत. गाडी पांढरी. नंबराच्या शेवटी सात-एक, किंवा एक-सात.

त्याने जबाबातल्या मालकाच्या रकान्यातले स्वतःचे नाव खोडले. 'नाव माहीत नसल्यास वर्णन' या रकान्यात लिहिले: ज्याच्यासाठी लिफ्ट थांबते तो. कायद्याच्या दृष्टीने वाक्य सैल होते, पण वस्तुस्थितीला धरून होते. बाईंनी शिक्का मारला आणि सांगितले, की वकिलाला नोटीस गुरुवारी पोचेल.

"म्हणजे उद्याचा दिवस खोली आपली," बायको म्हणाली.

"कपाट लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याने उतरवावं लागेल."

"कपाटाचं मी बघते. तुम्ही आधी ती वही आणून बाईंच्या हातात द्या."