रिपोर्टात न आलेलं सूप

मित्रांनो, मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे. माझा एक कोपरा झिजलाय, अंगावरचे आकडे पुसट झालेत आणि मला कायम ग्रीसचा वास येतो. येणारच हो! माझा मालक लिफ्टचा मेकॅनिक आहे आणि पाकीट खिशातून काढण्याआधी हात पुसायची सवय त्याला कधी लागलीच नाही. पुढच्या महिन्यात माझी मुदत संपते. मग कात्री. त्याआधी एकदा मन मोकळं करावं म्हणतो. माझ्या आयुष्यात मिरवण्यासारखं फारसं नाही, मान खाली घालण्यासारखं मात्र बरंच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या मोठ्या पत्र्यातून आम्हा भावंडांना यंत्राने कापून काढलं, अंगात चिप बसवली, आकडे उमटवले. मग लिफाफ्यात बसून मी मेकॅनिकच्या घरी आलो. तेव्हा त्याची बायको होती. तिने मला खिडकीशी नेऊन उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "दिसायला बरंय. पण याच्या फार नादी लागू नका हं." मला राग आला होता तेव्हा. पहिल्याच दिवशी असं कोणी बोलतं का?

पण त्याच बाईने मला अब्रूने वागवलं. माझ्यावर कपडे धुण्याचं मशीन आलं, मुलीच्या परीक्षेची फी गेली, एकदा फ्रीजचा दरवाजा बदलला. दर महिन्याला माझा हिशेब लिफाफ्यातून घरी यायचा. त्याला स्टेटमेंट म्हणतात. त्यात सगळं असतं, कोणत्या दुकानात गेलो, कोणत्या दिवशी गेलो, किती गेले, सगळं. जेवणं झाली की टेबल पुसून ती तो कागद मोठ्याने वाचायची.

"बूट दोनदा?"

"एक जोड तुझ्या लेकीचा."

"आणि हे हार्डवेअरचं दुकान? घरात एवढी हत्यारं आहेत, अजून कसली?"

"अगं, पाना हरवला!"

"लिफ्टच्या खड्ड्यात पडला असेल. शोधा की!"

अशी तासभर मजा चालायची. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बँकेत जाऊन काउंटरवर पैसे भरून यायचा. कधी तारीख चुकली नाही. मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते, आणि मला ते कळलंसुद्धा नाही.

मग ती आजारी पडली आणि गेली. घरात बाप आणि लेक उरले. लेक एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या मशीनवर काम करायची. हाताने फार नेटकी पोर. दिवसभर दुकानात, संध्याकाळी घरी. मेकॅनिक आधी घरी पोचायचा आणि ओट्याशी उभ्याउभ्याच काहीतरी पोटात ढकलायचा. बसून खायचं तर समोर कुणीतरी लागतं ना!

वर्ष उलटल्यावर एका इमारतीत लिफ्ट अडकली म्हणून त्याला बोलावणं आलं. तिसऱ्या मजल्यावर एक पाटी होती, पन्नाशीपुढच्यांसाठी जोडीदार शोधून देणारं केंद्र. लिफ्ट चालू झाली, पण गडी खाली उतरेना. पाटीसमोर उभा. शेवटी आत गेला, आणि लिफ्ट दुरुस्त करायला गेलेला माणूस सभासद होऊन बाहेर पडला. फी माझ्यावरच.

त्यानंतर काय काय झालं! केसांचा कलप, नवा शर्ट, पुढच्या दाताला टोपण. आणि मग टोपीवाल्या बाई. हे नाव त्याने मनातल्या मनात ठेवलेलं, कारण बाई निळी लोकरीची टोपी घालायच्या आणि आत बसल्यावरही काढायच्या नाहीत. पूर्वी शिवणकामाच्या दुकानात कापड बेतायच्या. दोघं एका छोट्या खानावळीत भेटायची, दोन सूप मागवायची आणि बोलत बसायची. पाचसहा वेळा भेटली असतील. एकदा बाहेर पाऊस लागला म्हणून त्याने बाईंना छत्रीही घेऊन दिली. शेवटी बाईच शांतपणे म्हणाल्या, "आपण इथेच थांबू या." का, ते पुढे येईलच.

मेकॅनिक घरी आला तो शरमेने अर्धा झालेला. बायकोला जाऊन असे कितीसे दिवस झाले, आणि आपण कलप लावून सूप प्यायला जातो! लेकीला कळलं तर काय वाटेल? आणि नेमका तेव्हाच माझा लिफाफा दारात येऊन पडला. त्याने तो उचलला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. या कागदावर खानावळीचं नाव असणार, केंद्राचं नाव असणार. ते वाचायचं त्याला धाडस होईना. त्याने लिफाफा न फोडताच हत्यारांच्या पिशवीत, ग्रीसच्या डब्याखाली सरकवला. पुढच्या महिन्याचाही तिथेच. त्याच्या पुढचाही. लिफाफा फोडला नाही म्हणजे किती भरायचे ते कळेना, आणि कधीपर्यंत भरायचे तेही कळेना. मी तिथेच पाकिटात होतो. ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, फोडा तो! पण मला तोंड कुठे आहे?

अशात एका संध्याकाळी लेक धावतच घरी आली.

"बाबा, मालक दुकान विकतायत! मशीनसकट! मला म्हणाले, आधी तुला विचारतो. महिनाअखेरपर्यंत थांबणार आहेत."

"अरे वा!" मेकॅनिकने तिच्या पाठीवर थाप मारली. "घेऊन टाक की!"

"कर्ज काढावं लागेल. माझा एकटीचा पगार पुरत नाही. तुम्ही सहकर्जदार व्हा ना. सही करायची आणि त्यांना तुमचा क्रेडिट रिपोर्ट पाहू द्यायचा, बस."

तिथे त्याचा चेहरा उतरला. रिपोर्ट! स्टेटमेंटमध्ये जे असतं ते रिपोर्टमध्येही असणार, किंबहुना जास्तच असणार, अशी त्याची पक्की समजूत. बँकेतले साहेब वाचतील, लेक शेजारी बसून वाचेल. खानावळ, सूप, केंद्र, छत्री.

"नको," तो म्हणाला. "मला त्या कर्जाच्या भानगडीत ओढू नकोस."

"अहो, पण..."

"नको म्हटलं ना!"

लेकीने खांद्यावरची पर्स खुर्चीवर ठेवली. मग हळूच म्हणाली, "तुमचा माझ्यावर विश्वास नाही, असंच ना? तसं सांगा सरळ."

त्याने तसं सांगितलं नाही. पण तसं नाही, असंही सांगितलं नाही. मित्रांनो, मला आयुष्यात दुकानदारांनी भरल्या गर्दीत 'चालत नाही हे' म्हणून परत केलंय. त्यापेक्षा त्या संध्याकाळी मला जास्त लाज वाटली. एका बापाने सुपाच्या बिलापायी स्वतःच्या लेकीला तिच्यावर विश्वास नसल्याचं वाटू दिलं.

दोन आठवडे घरात कामापुरतंच बोलणं झालं. मीठ दे, दिवा घालव, एवढंच. महिनाअखेर जवळ आली तेव्हा एका सकाळी मेकॅनिकने तोच नवा शर्ट घातला, नेहमीची हत्यारांची पिशवी हातात घेतली आणि दारात उभा राहून म्हणाला, "चल बँकेत. जे व्हायचं ते होऊ दे."

बँकेत कर्जाच्या टेबलावर एक तरुण बाई होत्या. सर्दीने बेजार, हातात रुमाल. त्यांनी कागदपत्रं पाहिली, बटणं दाबली आणि कोपऱ्यातला प्रिंटर घरघरायला लागला. पहिला कागद बाहेर डोकावला आणि मेकॅनिकचा धीर सुटला.

"थांबा मॅडम, तो वाचायच्या आधी मीच सांगतो," तो म्हणाला. मग लेकीकडे न बघता, टेबलाच्या कडेकडे बघत त्याने घडाघडा सगळं सांगून टाकलं. केंद्राची फी. कलप. दात. टोपीवाल्या बाई. खानावळीत इतक्या वेळा गेलो, दरवेळी दोन सूप. छत्रीसुद्धा सोडली नाही. शेजारच्या टेबलावरचा शिपाई शिक्के मारायचा थांबला.

कर्जवाल्या बाईंनी नाक पुसलं. "काका," त्या म्हणाल्या, "यातलं काहीच इथे नसतं हो."

"म्हणजे?"

"रिपोर्टमध्ये दुकानाचं नाव येत नाही. काय घेतलं, कुठे घेतलं, कुणाबरोबर गेलात, काही नाही. हे बघा." त्यांनी कागद वळवला. "कार्ड कधी घेतलं. मर्यादा किती. बाकी किती. आणि दर महिन्याला पैसे वेळेवर आले की नाही. झालं."

पाकीट टेबलावर उघडंच होतं, त्यामुळे मीही पाहिलं. माझं अख्खं आयुष्य चार ओळींचं. कपड्यांचं मशीन नाही, परीक्षेची फी नाही, हरवलेला पाना नाही. नुसती महिन्यांच्या चौकटींची रांग, बहुतेक चौकटी स्वच्छ. पण शेवटी शेवटी तीन चौकटींत उशिराची खूण.

बाईंचं बोट तिथेच थांबलं. "हे मात्र दिसतं. हे तीन महिने काय झालं? आधी तर कधीच चुकलेलं नाही."

मेकॅनिक तरी काय सांगणार? जे दिसू नये म्हणून लिफाफे लपवले ते कधी दिसणारच नव्हतं, आणि ते लपवले म्हणून जे झालं, तेवढंच काय ते दिसत होतं. तो शरमेने पाणी पाणी झाला. कानाच्या पाळ्या लालभडक.

"बाकी भरून टाका, सहा महिने वेळेवर भरा आणि परत या," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आत्ता मला मंजूर करता येणार नाही. सॉरी, काका."

दुकान गेलं, मित्रांनो. उगाच गोड करून सांगत नाही. मालकांना थांबणं शक्य नव्हतं, त्यांनी दुसऱ्याला विकलं. नव्या मालकाने लेकीला मशीनवर ठेवलं, पण पाटीवर नाव त्याचं लागलं.

त्या दिवशी दोघं बँकेच्या पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर लेक थांबली.

"आईला जाऊन दोन वर्षंही झाली नाहीत, बाबा."

"हो ना," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

लेकीने विचारलं, "मग जमलं का नाही त्या बाईंशी?"

तो म्हणाला, "त्या म्हणाल्या, तुम्ही इथे माझ्याशी बोलायला येताच कुठे? तुमच्या बायकोच्या गोष्टी सांगायला येता. ती स्टेटमेंट कशी वाचायची, पान्यावरून कशी भांडायची. मलाही तुमची बायको आवडायला लागलीय, पण मी काय करू? असं म्हणाल्या. खरंच होतं. मी दुसरं काही बोललोच नव्हतो."

मी साक्षीला होतो. बिलाच्या फोल्डरात पडून प्रत्येक शब्द ऐकला होता. ते कुठल्याच रिपोर्टात आलं नाही.

"लिफाफे अजून या पिशवीतच आहेत, न फोडलेले," तो म्हणाला. लेकीने बापाच्या हातातून हत्यारांची पिशवी ओढून घेतली, तिथेच पायरीवर बसली, ग्रीसच्या डब्याखालचे लिफाफे काढले आणि एकेक करून फोडले.

आता पुन्हा दर महिन्याला जेवणानंतर टेबल पुसलं जातं. लेक वाचते, बाप हो-हो म्हणतो, दुसऱ्या दिवशी पैसे भरले जातात. चौकटी स्वच्छ होतायत. पलीकडच्या गल्लीत एक लहानसा गाळा रिकामा आहे, लेक जाता-येता तिकडे बघते. बँकेच्या बाईंनी सांगितलेली मुदत सरत आलीय.

आणि मागच्या आठवड्यात, वाचता वाचता ती अडखळली.

"हे काय? खानावळ?"

मेकॅनिक भांडी घासायला उठला. "त्या बाईंच्या इमारतीची लिफ्ट अडकली होती," तो पाठमोराच म्हणाला. "दुरुस्त झाल्यावर त्याच म्हणाल्या, सूप घेऊ या का."

मला वाटलं, झालं! आता पुन्हा लिफाफे ग्रीसच्या डब्याखाली. पण लेकीने ती ओळ पुन्हा एकदा वाचली, कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "बरं. या वेळी तरी आईबद्दल जरा कमी बोला."

नळ बराच वेळ वाहत राहिला. भांडं एकच होतं.

तर मित्रांनो, माझी मुदत संपत आलीय, म्हणून एवढंच मागतो. माझ्या जागी येईल त्या नव्या कार्डाला जरा जपा. त्याचा लिफाफा आला की फोडा, लाज वाटली तरी फोडा, आणि शक्यतो कुणाच्या तरी समोर बसून वाचा.